तालुक्याच्या वाचनालयाची वेबसाइट: तारीखपत्रक, खूणपट्टी आणि काउंटर

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातलं जुनं सार्वजनिक वाचनालय, चौदाशेच्या आसपास सभासद. वर्षभरापूर्वी वेबसाइट केली. तिच्यावर पुस्तकांची सूची आहे, मुदतवाढ करता येते, अभ्यासिकेची माहितीही आहे. पण दिवसाला पाच-सात जण येतात आणि त्यातले निम्मे कार्यकारिणीतलेच. हाताशी वीस हजार रुपये आहेत. पत्रकं, फ्लेक्स, रिक्षा, वर्तमानपत्र यांपैकी खर्च कशावर करावा?

आधी पत्रकांचा विचार बाजूला ठेवा आणि वाचनालयातून आजच बाहेर जाणारा कागद मोजा. पुस्तकाच्या शेवटच्या पानाला चिकटवलेलं तारीखपत्रक, सभासद कार्ड, वर्गणीची पावती, अनामतीची पावती, देणगीची पावती, वार्षिक सभेची सूचना, अहवाल, लेटरहेड, दाराबाहेरचा वेळापत्रकाचा फलक. चौदाशेपैकी सातशे जण महिन्यातून दोनदा पुस्तक बदलतात असं धरलं, तर महिन्याला चौदाशे वेळा तुमचा कागद कोणाच्या तरी घरी जातो आणि आठ-पंधरा दिवस तिथे राहतो. पेपरातून टाकलेलं पत्रक घरात किती वेळ राहतं? चहा संपेपर्यंत. त्यामुळे पहिला खर्च या जुन्या कागदांवर. तो फारसा येतही नाही.

त्याहीआधी ठरवायचं आहे ते कागदावर लिहायचं काय. ‘आमच्या वेबसाइटला अवश्य भेट द्या’ हे वाक्य हजार ठिकाणी छापलेलं असतं आणि ते वाचून कोणी भेट देत नाही, कारण भेट देऊन काय मिळणार ते त्यात नाही. कागदावर वेबसाइटचं एकच काम लिहा, आणि ज्या कागदावर जे लागू पडतं तेच लिहा. तारीखपत्रकावर: ‘पुस्तक वाचून व्हायचंय? मुदत घरूनच वाढवा.’ खूणपट्टीवर (बुकमार्कवर): ‘हवं ते पुस्तक शेल्फवर आहे का, निघण्याआधी बघा.’ अभ्यासिकेच्या भित्तिपत्रकावर: ‘आज किती जागा रिकाम्या आहेत?’ देणगीच्या पावतीवर: ‘तुमच्या देणगीतून घेतलेल्या पुस्तकांची यादी इथे.’ एका कागदावर एक काम. दोन लिहिली की वाचणारा दोन्ही सोडतो.

यात एक अट लपलेली आहे. कागद जे सांगतो ते पानावर खरोखर व्हायला हवं. रिकाम्या जागांचा आकडा रोज कोणी भरणार नसेल, तर ते वाक्य छापू नका. ‘अभ्यासिकेची वेळ आणि शुल्क’ एवढंच छापा. एकदा फसलेला माणूस त्या पत्त्यावर पुन्हा येत नाही, आणि ‘त्यांची वेबसाइट चालत नाही’ हे मात्र कट्ट्यावर सांगतो.

पत्ता छापण्याजोगा आहे का, ते आधी बघा

मराठी नाव रोमन लिपीत लिहिताना प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं होतं. ‘वाचनालय’ शब्दाच्या शेवटी कोणी ए लावतो, कोणी लावत नाही. ‘ग्रंथालय’मध्ये एच कुठे आणि किती, यावर घरातल्या दोघांचं एकमत होत नाही. ऐकून पत्ता टाइप करणारा माणूस इथेच गळतो. उपाय सोपा आहे: पाच सभासदांना पत्ता तोंडी सांगा, लिहून घ्या. जी दोन स्पेलिंगं जास्त वेळा येतील ती दोन्ही डोमेन (वेबसाइटची नोंदवलेली नावं) घ्या आणि एकावरून दुसऱ्यावर वळवा. डोमेनमध्ये आडवी रेघ असेल तर ती टाळता आली तर पाहा. तोंडी सांगताना तिला डॅश म्हणायचं की हायफन इथूनच घोळ सुरू होतो. देवनागरीत ‘डॉट भारत’ डोमेन २०१४ पासून मिळतं. ते जोडीला घ्यायला हरकत नाही, पण एकट्यावर विसंबू नका. फोनवर कीबोर्ड बदलून देवनागरीत पत्ता टाइप करणारे थोडेच, आणि बरेच फॉर्म व ॲप तो पत्ता धड ओळखत नाहीत.

डोमेन कोणाच्या नावावर आहे तेही तपासा. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या खासगी ईमेलवर ते नोंदलेलं असणं ही लहान संस्थांतली नेहमीची गोष्ट आहे. तो मुलगा नोकरीला बाहेरगावी जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे जाते, डोमेन सुटतं, आणि कोणीतरी ते उचलून त्यावर जुगाराची जाहिरात लावतो. वेबसाइट पुन्हा उभी करता येईल. सात हजार पुस्तकांवर चिकटवलेला पत्ता परत घेता येत नाही. छपाईला हात घालण्याआधी डोमेन संस्थेच्या ईमेलवर घ्या आणि एकदम पाच वर्षांचे पैसे भरून टाका. वीस हजारांतला हा सर्वांत शहाणा खर्च. वेबसाइटचं सुरक्षिततेचं प्रमाणपत्र चालू आहे का, तेही बघा. ‘सुरक्षित नाही’ अशी पाटी आली की हल्लीच्या फसवणुकीच्या दिवसांत माणूस मागे फिरतो, आणि बरोबरच करतो.

बहुतेक लोक पत्ता टाइप करतच नाहीत. ते गूगलच्या चौकटीत किंवा माइकवर ‘अमुक वाचनालय’ एवढं म्हणतात. म्हणून गूगल मॅपवरच्या तुमच्या नोंदीचा ताबा संस्थेकडे घ्या, तिथे वेबसाइट, वेळ आणि फोन भरा. मग पाच वेगवेगळ्या फोनवर, खासगी (इन्कॉग्निटो) खिडकी उघडून, वाचनालयाचं नाव आणि गावाचं नाव मराठीत शोधा. पहिल्या दोन निकालांत तुम्ही नसाल आणि वर कुठल्या तरी माहिती-डिरेक्टरीचं पान येत असेल, तर कागदाचा निम्मा खर्च त्या डिरेक्टरीला जाईल.

प्रत्येक कागदाला वेगळा शेपूट

कोणत्या कागदाने काम केलं हे कळलं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा अंदाजाने पैसे घालाल. यासाठी पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन एक आकडा लावा: १ म्हणजे तारीखपत्रक, २ खूणपट्टी, ३ भित्तिपत्रक, ४ पेपरातलं पत्रक, ५ व्याख्यानमाला. आकडाच घ्यायचा, कारण तो टाइप करायला सोपा आणि त्याला स्पेलिंग नसतं. फक्त एक खोच आहे: डीटीपीवाला सवयीने आकडा देवनागरीत छापतो आणि मराठी कीबोर्ड असलेला माणूसही देवनागरीतच टाइप करतो. दोन्ही लिपींतला आकडा एकाच पानावर जाईल अशी सोय आधीच करून घ्या.

हे आकडे मुख्य पानावर नेऊ नका. मुख्य पानावर सरकती चित्रं, अध्यक्षांचं मनोगत आणि १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाचा फोटो असतो; ज्याला मुदत वाढवायची आहे त्याला तिथे काहीच सापडत नाही. १ थेट मुदतवाढीवर, २ थेट सूचीच्या शोधपेटीवर, ३ थेट अभ्यासिकेवर. वेबसाइट सांभाळणाऱ्याला सांगा की वळण (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर आपोआप नेणारी सोय, रीडायरेक्ट) तात्पुरत्या प्रकारचं, म्हणजे ३०२ लावायचं, ३०१ नको. कायमचं वळण ब्राउझर लक्षात ठेवतो; उद्या पान बदललंत तरी जुना पाहुणा जुन्याच जागी जात राहतो. वळवलेल्या पत्त्याला माध्यम आणि मोहीम सांगणारी यूटीएमची शेपटी जोडली की ॲनालिटिक्समध्ये (भेटी मोजणाऱ्या साधनात) प्रत्येक कागदाची भेट वेगळी दिसते. ती शेपटी कागदावर कधीही येऊ द्यायची नाही, ती वळणाच्या पलीकडे राहते.

ही पानं हलकी हवीत. आठवडे बाजाराच्या दिवशी किंवा कार्यक्रमाच्या मांडवात एकाच टॉवरवर हजार फोन असतात. मोठमोठी चित्रं असलेलं पान तिथे उघडतच नाही. कागदावरून येणाऱ्या पानावर एक शोधपेटी, एक बटण आणि फोन नंबर पुरे.

क्यूआर कोड

जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला हा कोड काढला. कारखान्यात तेलाचे डाग पडले तरी वाचता यावा म्हणून त्यात दुरुस्तीची सोय आहे: चार पातळ्या, ज्यांत अनुक्रमे सुमारे ७, १५, २५ आणि ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर निघतो. तारीखपत्रकासाठी १५ टक्क्यांची पातळी बरी. बाहेर लावायच्या भित्तिपत्रकाला २५ टक्क्यांची घ्या. मधोमध वाचनालयाचं बोधचिन्ह बसवायचा मोह असेल तर ३० टक्क्यांची लागेल, आणि चौकोन बारीक होतील. माझ्या मते बोधचिन्ह बाजूला छापावं.

बारीक-जाड हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण कोड न चालण्याचं मुख्य कारण तेच आहे. पत्ता जितका लांब, तितके कोडातले चौकोन जास्त. १५ टक्के पातळीवर २६ अक्षरांपर्यंतचा पत्ता, सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’ आणि पुढच्या चिन्हांसकट, २५ बाय २५ चौकोनांत बसतो. तोच पत्ता यूटीएमच्या शेपटीसह १२० अक्षरांचा झाला की ४५ बाय ४५ लागतात. दोन सेंटिमीटरच्या कोडात पहिल्या वेळी प्रत्येक चौकोन ०.८ मिलिमीटरचा, दुसऱ्या वेळी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. ऑफसेटवर (प्लेटवरून होणाऱ्या छपाईत) जरा शाई पसरली किंवा जुन्या फोनचा कॅमेरा असला की दुसरा कोड मेला. छोट्या आकड्याच्या शेपटीचा हा दुसरा फायदा.

हातात धरायच्या कागदावर कोड किमान दोन सेंटिमीटरचा, चांगला म्हणजे अडीचचा. लांबून स्कॅन करायचा असेल तर अंतराच्या एकदशांश: तीन मीटरवरून वाचायचा तर तीस सेंटिमीटर. चारही बाजूंनी चार चौकोनांएवढी कोरी जागा सोडलीच पाहिजे. डिझायनर चौकट, वेलबुट्टी किंवा रंगीत पट्टी कोडाला चिकटवतो आणि फोनला कोड कुठे सुरू होतो तेच कळत नाही. कोड फिक्या पार्श्वभूमीवर काळाच हवा. उलटा, म्हणजे गडदावर पांढरा, काही फोन वाचत नाहीत. चाररंगी कामातही कोड फक्त काळ्या शाईत छापायला सांगा. चार शाया मिळून काळा केला आणि प्लेट केसभर सरकली की कडा धूसर होतात.

कोडाची फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. ती दाबली जाते आणि मोठी केल्यावर फाटते. एसव्हीजी (मोठी केली तरी न फाटणारी चित्राची फाइल) किंवा पीडीएफ द्या, डॉक्युमेंट म्हणून. आणि ‘डायनॅमिक’ कोड देणाऱ्या फुकट सेवांपासून दूर राहा. त्या कोडात तुमचा पत्ता नसतो, त्या कंपनीचा असतो. चाचणीची मुदत संपली की पैसे मागणारं पान उघडतं. पत्ता नंतर बदलण्याची सोय तुमच्याच वळणात आहे, त्यामुळे साधा, स्थिर कोड पुरतो.

आता आपल्याकडचा खास घोटाळा. चहाच्या टपरीपासून भाजीवालीपर्यंत कोड म्हणजे पैसे, हे डोक्यात पक्कं बसलं आहे. माणूस कोड दिसला की पैसे द्यायचं ॲप उघडून त्यावर रोखतो. ॲपने कोड चुकीचा म्हटलं की तो समजतो, यांचा कोड खराब आहे. काही जण तर लांबूनच म्हणतात, वाचनालय आता कसले पैसे मागतंय? म्हणून कोडाच्या डोक्यावर काम लिहा, आणि खाली स्पष्ट: ‘पैसे भरण्यासाठी नाही. फोनच्या कॅमेऱ्याने किंवा गूगल लेन्सने बघा.’ त्याखाली पूर्ण पत्ता अक्षरांत. स्कॅन केल्यावर फोनवर दिसणारा पत्ता आणि छापलेला पत्ता जुळतो का, हे माणसाला पडताळता आलं पाहिजे. सार्वजनिक जागी लावलेल्या कोडावर कोणी स्वतःचं स्टिकर चिकटवत नाही ना, हे आठवड्यातून एकदा बोटाने चाचपून बघा.

छापखान्यात काय बिघडतं

तालुक्याच्या छापखान्यांत अजून जुने, युनिकोड नसलेले मराठी फॉन्ट वापरात आहेत. अशा फॉन्टमध्ये रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवलेला असतो. ऑपरेटरने ओळीचा फॉन्ट बदलायला विसरून पत्ता टाकला तर प्रूफवर अगम्य मराठी अक्षरं येतात. हे निदान डोळ्याला दिसतं. न दिसणारी चूक म्हणजे टिंबाऐवजी दुसरंच चिन्ह येणं किंवा तिरक्या रेघेच्या जागी दंड येणं. उलट, तुम्ही ईमेलने पाठवलेला युनिकोड मजकूर कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत चिकटवला की जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते. जमल्यास पीडीएफच द्या, मजकूर आकारात (कर्व्हमध्ये) बदलून, म्हणजे छापखान्यात तो फॉन्ट नसला तरी अक्षरं तशीच राहतात.

पत्ता एकाच ओळीत राहिला पाहिजे. ओळ संपते म्हणून मध्ये तोडला आणि सॉफ्टवेअरने आडवी रेघ घातली, की ती रेघ पत्त्याचाच भाग वाटते. पत्त्याच्या शेवटी पूर्णविराम देऊ नका. सगळी अक्षरं लहान ठेवा, आणि एल व आय, ओ व शून्य वेगळे दिसतील असा फॉन्ट घ्या. पत्त्याच्या सुरुवातीचं तीनदा डब्ल्यू वगळता येतं; मात्र ते लावून आणि न लावून, दोन्ही रीतींनी साइट उघडते का हे आधी पाहायचं.

प्रूफ तपासण्याची रीत अशी: फाइलवरून नव्हे, छापलेल्या कागदावरून. पत्ता कागदावरचा वाचून दुसऱ्या माणसाने टाइप करायचा, ज्याला तो पाठ नाही. कोड किमान सहा फोनवर तपासायचा, त्यात दोन जुने आणि एक काच तडकलेला. ट्यूबलाइटखाली, संध्याकाळच्या उजेडात, आणि लॅमिनेशन होणार असेल तर लॅमिनेशननंतर. चकचकीत लॅमिनेशनवर दिवा परावर्तित होतो आणि कोडाचा कोपरा पांढरा पडतो, मॅट घ्या. काहीशे प्रती डिजिटलवर काढा, महिनाभर वापरा, मग हजारोंनी लागणारं काम ऑफसेटला द्या. सुरुवातीलाच पाच हजार छापून घेतलेल्या संस्थांच्या कपाटात ते गठ्ठे वर्षानुवर्षं पडलेले असतात.

कोणता कागद, किती

तारीखपत्रक पहिलं. जुनी पत्रकं भरत जातील तशी नवी चिकटवायची, सगळी एकदम बदलायची गरज नाही. तोवर शिल्लक पत्रकांवर आणि पावतीपुस्तकांवर रबरी शिक्का मारा. शिक्क्यात फक्त काम आणि पत्ता. कोड शिक्क्यात घालू नका, शाई पसरून चौकोन बुजतात.

खूणपट्टी ५ बाय १८ सेंटिमीटरची, ३०० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) कार्डावर. डिजिटल छपाईच्या बारा-अठरा इंची शीटवर कापायची जागा सोडून दहा सहज बसतात, म्हणजे तीन हजारांना तीनशे शीट. मागची बाजू कोरी आणि लॅमिनेशनशिवाय ठेवा. वाचक तिथे ‘पुढे हे वाचायचं’ असं लिहितो आणि त्यामुळे पट्टी टाकत नाही. पट्टी देताना पुस्तकात घालून द्यायची, काउंटरवर गठ्ठा ठेवून ‘घ्या’ म्हणायचं नाही.

भित्तिपत्रक ए-३, तीस प्रती. जागा निवडताना एकच कसोटी: माणूस तिथे दोन मिनिटं तरी रिकामा उभा असतो का? झेरॉक्सचं दुकान, पिठाची गिरणी, सलून, दवाखान्याची बाकं, स्पर्धा परीक्षेच्या मुलांची खानावळ, महाविद्यालयातला शुल्क भरायचा काउंटर. अभ्यासिकेच्या पत्रकासाठी खानावळ आणि झेरॉक्सचं दुकान यांना तोड नाही. तिथे नेमकी तीच मुलं दिवसातून दोनदा येतात. डोळ्यांच्या उंचीवर लावा, कोड जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर. दुकानदाराला विचारून लावा, आणि महिन्याने स्वतः जाऊन बदला. पिवळं पडलेलं, कोपरा लोंबणारं पत्रक वाचनालयच बंद पडल्याची बातमी देतं.

सार्वजनिक भिंती, विजेचे खांब, झाडं यांच्या वाटेला जाऊ नका. राज्यात मालमत्ता विद्रूपणाविरुद्धचा कायदा १९९५ पासून आहे, आणि परवानगीशिवाय लावलेल्या फलकावर तुमचा पत्ता छापलेला असतो, म्हणजे तक्रारीसाठी पुरावा तयारच. फ्लेक्सबद्दल तर एवढंच: नगरपालिकेची परवानगी काढून चौकात लावलात तरी चालत्या दुचाकीवरून पत्ता वाचून कोणी लक्षात ठेवत नाही. लावायचाच तर वाचनालयाच्या दारावर, कायमचा. अक्षराची उंची दर दहा फूट अंतराला एक इंच धरा, तीही मात्रा-वेलांट्या सोडून नुसत्या अक्षराची.

भोंगा लावलेली रिक्षा व्याख्यानाची तारीख सांगायला चांगली. वेबसाइटसाठी निरुपयोगी. रिक्षा घरासमोर आठ-दहा सेकंद असते आणि तेवढ्यात ऐकलेला पत्ता कोणी लिहून घेत नाही.

पेपरातलं पत्रक तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर. करायचं तर ए-५ आकार, एक बाजू, आणि गावभर न टाकता वाचनालयापासून पायी दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरातल्या लाइनवर, म्हणजे पेपर टाकणाऱ्याच्या ठरलेल्या फेरीवर. वाटणाऱ्या एजंटाशी पहाटे गठ्ठे लागतात तेव्हाच बोलायचं, मोजून द्यायचे, आणि त्या सकाळी त्या भागातल्या पाच ओळखीच्या घरी फोन करून विचारायचं: पत्रक आलं का? एकात दोन गेली का? रविवार टाळा, त्या दिवशी सोन्याच्या दुकानाची आणि क्लासेसची पत्रकं इतकी असतात की पेपर झटकला की सगळी एकदम खाली पडतात. हजार टाका, पंधरा दिवस चौथ्या आकड्यावरच्या भेटी मोजा, मगच पुढची हजार.

वर्तमानपत्रात जाहिरातीपेक्षा बातमी द्या. जिल्हा आवृत्तीला दीडशे-दोनशे शब्दांचं प्रसिद्धिपत्रक, ज्यात बातमी म्हणण्यासारखं काही असेल: दुर्मीळ पुस्तकांची यादी पहिल्यांदाच सर्वांना पाहता येणार, अभ्यासिकेची वेळ वाढली, असं. ‘वेबसाइटचं उद्घाटन मान्यवरांच्या हस्ते’ ही बातमी मान्यवरांची होते, वेबसाइटची नाही. जागा कमी पडली की उपसंपादक शेवटचा परिच्छेद कापतो आणि पत्ता नेमका तिथेच असतो. त्यामुळे पत्ता दुसऱ्या वाक्यात, वाक्याचा भाग म्हणून.

काउंटर

आतापर्यंत सांगितलेल्या सगळ्यापेक्षा देवघेवीच्या काउंटरवर बसणारी व्यक्ती जास्त पाहुणे आणेल, आणि याच गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. सभासद विचारतो, ‘ते पुस्तक आलं का?’ कर्मचारी स्वतःच्या पडद्यावर बघून ‘नाही’ म्हणतो. तिथे थांबून सभासदाच्याच फोनवर सूची उघडून द्यायची, त्याच्याच बोटाने ते पुस्तक शोधायला लावायचं, आणि पान फोनच्या होम स्क्रीनवर ठेवून द्यायचं. पुढच्या वेळी पत्ता, कोड, स्पेलिंग काहीच लागत नाही. याला दीड-दोन मिनिटं जातात. दिवसाला दहा जणांचं उद्दिष्ट ठेवा. गर्दीच्या वेळी नको, रांग चिडते. महिन्याला अडीचशे फोन होतात.

त्यासाठी कर्मचाऱ्याला ते स्वतःला यायला हवं. त्याच्या फोनमध्ये डेटा नसेल तर वाचनालयाचं वायफाय द्या. आणि त्याच्या मनातली शंका बोलून काढा: सगळं घरबसल्या झालं तर माझं काय काम? ही शंका राहिली तर तो वेबसाइटचं नाव कधीच घेणार नाही. फोनवर येणारे ‘अमुक आहे का’ हे प्रश्न कमी होऊन त्याचा वेळ वाचतो, हे त्याला आठवडाभरात दिसतंच.

स्मार्टफोन नसलेल्या किंवा वापरायला नको वाटणाऱ्या ज्येष्ठ सभासदांसाठी प्रत्येक कागदावर खाली फोन नंबर ठेवाच. वेबसाइटमुळे आपल्याला बाहेर काढलं, असं त्यांना वाटता कामा नये. वर्गणी वेळेवर भरणारे तेच असतात.

कधी

दिवाळीच्या आधी. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आली आहे, आणि बहुतेक वाचनालयं त्यासाठी वेगळी वर्गणी घेऊन योजना चालवतात. दोन महिने प्रत्येक सभासदाचा एकच प्रश्न असतो: कोणता अंक आत्ता शेल्फवर आहे? वेबसाइटने नेमकं एवढंच सांगितलं तर तिला वेगळी जाहिरात लागत नाही. योजनेच्या पावतीवर हे एक काम आणि आकडा छापा. अंकाची देवघेव झाली की त्याच दिवशी नोंद व्हायला हवी, मात्र. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन त्याच सुमारास येतो, शाळांत तेव्हा कार्यक्रम असतातच; नववी-दहावीच्या वर्गांत खूणपट्ट्या तेव्हा वाटा. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन दुसऱ्या फेरीसाठी.

व्याख्यानमाला असेल तर पत्ता व्यासपीठामागच्या फलकावर वक्त्याच्या डोक्याच्या उंचीला, बाजूला छापा. खाली छापला तर टेबल, पुष्पगुच्छ आणि पाहुण्यांच्या खुर्च्या तो झाकतात. वर बाजूला असला तर पेपरात छापून येणाऱ्या फोटोतही येतो. निवेदकाने पत्ता दोनदा सांगायचा, मध्यंतरात आणि आभाराआधी. आभार सुरू झाले की लोक चपला शोधत असतात.

पैसे आणि मोजमाप

वीस हजारांची वाटणी मोटामोटी अशी करा: डोमेन आणि वळणांची कामं यांना पाचवा हिस्सा, तारीखपत्रकं-शिक्के-पावत्या यांना पाचवा, खूणपट्ट्यांना चौथा, भित्तिपत्रकं आणि पेपरातली चाचणी मिळून आठवा. उरलेले साडेचार हजार हातात ठेवा. दोन महिन्यांनी ज्या आकड्याने काम केलं त्यावरच ते खर्च करायचे. छपाईचे दर गावागणिक आणि कागदागणिक वेगळे, त्यामुळे तीन ठिकाणांहून लेखी दर घ्या, आणि त्यात डिझाइन, कटिंग व लॅमिनेशन धरलं आहे का ते विचारा.

मोजताना नुसत्या भेटी मोजू नका. मुदतवाढ किती झाल्या, किती शोध झाले, अभ्यासिकेसाठी किती फोन आले, हे मोजा. आकडा न लावता मुख्य पत्ताच टाइप करणारे किंवा गूगलवरून येणारे बरेच असतील आणि ॲनालिटिक्स त्यांना ‘डायरेक्ट’ किंवा ‘सर्च’ म्हणेल. त्यांचं श्रेय कोणत्या कागदाचं ते तिथे कळणार नाही. त्यासाठी काउंटरवर एक वही ठेवा, चार रकाने: तारीखपत्रक, खूणपट्टी, भित्तिपत्रक, कोणीतरी सांगितलं. नव्या सभासदाला आणि अभ्यासिकेच्या चौकशीला आलेल्याला विचारून रेघ मारायची. मोहीम सुरू होण्याआधीच्या दोन आठवड्यांचे आकडे लिहून ठेवायला विसरू नका, नाहीतर वाढ कशाच्या तुलनेत म्हणायची? आणि कार्यकारिणीतल्यांच्या फोनवरच्या भेटी गणतीतून वगळा, म्हणजे आजचे खरे पाहुणे दोन आहेत की चार ते निदान पहिल्याच दिवशी कळेल.